नाकतोड्याचा टोळ कधी होतो?

सलालाच्या बाजारात जून ते सप्टेंबर एक शब्द सारखा कानावर पडतो : खरीफ. समुद्राकडून धुकं येतं, उन्हाने करपलेले धोफारचे डोंगर हिरवेगार होतात आणि मस्कतमधली मराठी कुटुंबं हजारभर किलोमीटर गाडी हाकत, भुरभुर पाऊस अंगावर घ्यायला तिथे पोचतात. त्यांना हा शब्द परका वाटत नाही. आपला खरीप तो हाच. अरबीतला ‘फ’ मराठी शेतकऱ्याच्या तोंडी ‘प’ झाला, एवढंच. ओमान आणि महाराष्ट्र यांना जोडणारी शेतीतली आणखी एक गोष्ट आहे, पण तिच्यासाठी कोणी सहलीला जात नाही. ती म्हणजे टोळधाड.

धोफारच्या डोंगरांचं तोंड समुद्राकडे आणि पाठ उत्तरेकडे. या पाठीवर पाऊस नाही. तिथून खाली उतरलं की नज्दचं खडकाळ माळरान लागतं आणि त्याच्या पलीकडे सुरू होतो वाळूचा तो अवाढव्य पसारा, ज्याला अरब रब-अल-खाली म्हणतात. शब्दशः ‘रिकामा चौथा हिस्सा’. ओमान, येमेन, सौदी अरेबिया आणि अमिराती अशा चौघांत तो वाटला गेला आहे. थव्यांच्या गणिताची ओळख करून देताना सुरुवात या रिकाम्या जागेपासून करायला सबळ कारण आहे.

२५ मे २०१८ रोजी मेकुनू हे चक्रीवादळ सलालाजवळ धडकलं. जिथे वर्षाकाठी दीडशे मिलिमीटरही पाऊस होत नाही, तिथे चार दिवसांत सहाशे मिलिमीटरच्या वर पाणी कोसळलं. ढग डोंगर ओलांडून वाळूत शिरले आणि वाळूच्या टेकड्यांमधल्या खोलगट भागांत चक्क तळी साचली. ती पुरती आटतात न आटतात तोच ऑक्टोबरात लुबान आलं. ते सीमेपलीकडे, येमेनच्या महरा प्रांतात किनाऱ्याला लागलं, पण त्याचंही पाणी याच वाळूला मिळालं.

टोळाच्या मादीला अंडी घालायला ओलसर वाळू लागते. पोट ताणून ती दहा-पंधरा सेंटीमीटर खोल भोक पाडते, त्यात अंड्यांचा पुंजका ठेवते आणि वरून फेसाचं बूच मारते. बाहेर पडलेल्या पिल्लांना पंख नसतात. ती टुणटुण उड्या मारत चालतात आणि पाच वेळा कात टाकल्यावर उडू लागतात. अंड्यापासून पुढच्या अंड्यापर्यंत सुमारे तीन महिने. ओल टिकली आणि हिरवळ मिळाली तर एका पिढीत संख्या वीसपट होते, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा हिशेब आहे. दोन वादळांनी मिळून नऊ महिने ओल पुरवली, म्हणजे तीन पिढ्या. वीस, चारशे, आठ हजार. ना रस्ता, ना वस्ती, ना मोजायला कोणी माणूस. त्यामुळे ही आठ हजारपट वाढ जगाच्या लक्षात आली तेव्हा थवे वाळू सोडून निघाले होते. जानेवारी २०१९ पासून ते येमेन, सौदी अरेबिया आणि नैऋत्य इराणकडे पांगले. पुढे एक शाखा आफ्रिकेच्या शिंगाकडे वळली आणि केनियाने सत्तर वर्षांत पाहिली नव्हती अशी धाड पाहिली. दुसरी इराण-पाकिस्तानातून राजस्थानात आली.

मे २०२० च्या शेवटच्या आठवड्यात अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या बाजूला संत्र्याच्या बागांवर जे उतरलं, ते या दुसऱ्या शाखेचं टोक. रब-अल-खालीपासून काटोल अडीच हजार किलोमीटरहून लांब आहे. विदर्भात आलेले टोळ अर्थातच त्या वाळूत जन्मलेले नव्हते. त्यांच्या खापरपणज्या तिथल्या असाव्यात. शेतकऱ्यांनी धूर केला, पत्रे बडवले, थाळ्या वाजवल्या. (त्या वर्षी देशात थाळ्या वाजण्याची ही दुसरी खेप.) अंधार पडल्यावर टोळ झाडांवर निपचित बसतात, म्हणून फवारणीचे बंब रात्री फिरले.

बांधावर उभा असलेला माणूस विचारतो, एवढे आले कुठून? त्याचं उत्तर पाऊस आणि गुणाकार यांत मिळतं. गणिताला पुढचा प्रश्न पडतो, आणि तो जास्त अवघड आहे : एवढे आले ते ठीक, पण सगळे एकाच दिशेने का आले?

मराठीत नाकतोडा हा शब्द एकट्यासाठी आहे आणि टोळ हा समूहासाठी. गवतावरून उडून अंगावर बसला तर नाकतोडा. आभाळ काळं करून आला तर टोळ. या बोलीतल्या फरकामागे खरं जीवशास्त्र आहे. प्रत्येक नाकतोडा टोळ होत नाही, पण वाळवंटी टोळ, म्हणजे शिस्टोसर्का ग्रेगेरिया, आयुष्य दोन तऱ्हांनी जगू शकतो. एकटा वाढलेला असला तर पिल्लू हिरवट, बुजरं, आपल्याच जातभाईला टाळणारं. मोठं झाल्यावर रात्री उडणारं. गर्दीत वाढला तर पिल्लू काळं-पिवळं, एकमेकांकडे ओढलं जाणारं. मोठं झाल्यावर भर दिवसा लाखोंच्या संगतीत उडणारं. हे दोन अवतार इतके वेगळे दिसतात की दुसऱ्या एका टोळाच्या अशाच दोन रूपांना शास्त्रज्ञ बरीच वर्षं दोन स्वतंत्र जाती समजत होते. ती एकच जात आहे हे रशियातून इंग्लंडला आलेल्या बोरिस उवारोव यांनी १९२१ मध्ये मांडलं.

हेच उवारोव पुढे ब्रिटिशांच्या टोळसंशोधनाचे सूत्रधार झाले, आणि त्या कामातून एक माणूस ओमानात पोचला. १९४५ मध्ये विल्फ्रेड थेसिजर सलालात उतरला तो टोळविरोधी पथकाच्या पगारावर. धोफारच्या डोंगरांवरचं पाणी वाळूपर्यंत पोचून तिथे टोळांची पैदास होते का, हे बघणं त्याचं काम. थेसिजरला मनातून वाळवंट ओलांडायचं होतं आणि टोळ हे त्याला मिळालेलं झकास निमित्त होतं, हे त्याने कधी लपवलं नाही. बेदू सोबत्यांबरोबर उंटावरून तो मुघशिनच्या झऱ्यापर्यंत गेला आणि नंतर दोनदा सारी वाळू पार करून आला. त्याच्या ‘अरेबियन सँड्स’ या १९५९ च्या पुस्तकामुळे तो प्रवास गाजला आणि टोळांची चौकशी तळटीपेत गेली. त्या चौकशीचं खणखणीत उत्तर मिळायला ७३ वर्षं आणि दोन वादळं लागली.

मात्र ठिकाण कळलं म्हणून कोडं सुटत नाही. बदल नेमका कशाने होतो? ऑक्सफर्डमध्ये स्टीफन सिम्प्सन आणि सहकाऱ्यांनी एकट्या वाढवलेल्या टोळांच्या अंगावर बारीक कुंचला फिरवून पाहिला. डोकं, पोट, पुढचे पाय अशी एकेक जागा घेतली. मागच्या पायाच्या मांडीला काही तास वरचेवर स्पर्श होत राहिला, तर मात्र बुजरा टोळ गर्दी शोधू लागला. दाटीवाटीत सगळ्यात आधी धक्का लागतो तो तिथेच. २००९ मध्ये त्यामागचं रसायनही सापडलं : सेरोटोनिन. माणसाच्या मनःस्थितीशी ज्याचं नाव जोडलं जातं तेच.

इथवर जीवशास्त्र. आता गर्दी जमली, पण जमलेली गर्दी आणि निघालेली दिंडी यांत अंतर असतं. पालखीच्या वाटेवर चोपदाराने दंड उंचावला की लाखोंचा गजर थांबतो. तिथे शिस्त कुठून येते हे दिसतं. थव्यात चोपदार कोण? इंग्लंडमधले पक्षीनिरीक्षक एडमंड सेलूस यांना याचा इतका छडा लागेना की १९३१ मध्ये त्यांनी पक्ष्यांमध्ये विचारांचं थेट संक्रमण होत असावं, असं पुस्तकच लिहिलं. आज त्यावर हसू येतं, पण सेलूस कच्चे निरीक्षक नव्हते. त्यांच्याकडे फक्त संगणक नव्हता.

तो आल्यावर गोष्ट बदलली. १९८७ मध्ये क्रेग रेनॉल्ड्स यांनी पडद्यावर पाखरं उडवली. प्रत्येकाला तीनच सूचना : शेजाऱ्याला धडकू नको, त्याच्या दिशेने जा, घोळक्यापासून तुटू नको. थव्याबद्दल एक अक्षर कुठे लिहिलेलं नव्हतं, तरी थवा झाला. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’मधली वटवाघळं याच युक्तीने उडाली. तीन नियमांत एक आदेश देणारा नाही, एक आदेश पाळणारा नाही. आहे तो फक्त शेजार.

हंगेरीतले भौतिकशास्त्रज्ञ तामाश विचेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये यातलंही दोन तृतीयांश सामान टाकून दिलं. त्यांच्या प्रारूपात पाखरू नाही, टोळ नाही, नुसता ठिपका आहे. तो ठरावीक वेगाने चालतो. दर पावलाला आजूबाजूच्या ठिपक्यांच्या दिशांची सरासरी काढतो, ती उचलतो आणि थोडा चुकतो. ही चूक मुद्दाम घातलेली असते. खऱ्या प्राण्याचं लक्ष उडतं, ठेच लागते, वारा येतो. आता एकच गोष्ट हळूहळू वाढवायची : ठिपक्यांची दाटी. बराच वेळ काहीच होत नाही, जत्रेतल्यासारखी नुसती येजा. मग दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की बघता बघता सगळे एका दिशेला लागतात. तापलेलं लोखंड निवताना एका ठरावीक तापमानाला त्यात चुंबकत्व यावं, तसं. कोणत्याही एका ठिपक्यात काही बदललेलं नसतं.

हे मॉडेल भौतिकशास्त्रात फार मोठं झालं. त्यातून ‘सक्रिय पदार्थ’ नावाची शाखाच निघाली आणि तिच्या पायाभरणीत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या श्रीराम रामस्वामी यांचं नाव घ्यावं लागतं. पण ठिपके ते ठिपके. खरा किडा असं वागतो का?

२००६ मध्ये जेरोम बूल, इयान कझिन, सिम्प्सन आणि मंडळींनी ते करून पाहिलं. ८० सेंटीमीटर व्यासाचं, उभ्या कडेचं गोल रिंगण घ्यायचं. लग्नघरातली मोठी परात डोळ्यांसमोर आणावी. तिच्या मध्यभागी पालथा घुमट, म्हणजे चालायला उरतो फक्त गोल पट्टा. त्यात टोळांची पिल्लं सोडायची, वर कॅमेरा लावायचा आणि आठ तास बघत बसायचं. पाच-सात पिल्लं असतील तर ज्याची त्याची वाट वेगळी. दहा ते पंचवीस असतील तर मजा होते : सगळी मिळून घड्याळाच्या दिशेने तासभर चालतात आणि मग कसलंही कारण न दिसता सगळीच्या सगळी उलटी फिरतात. तीस किंवा जास्त झाली की एकदा धरलेली दिशा ती दिवसभर सोडत नाहीत. तीसला त्या पट्ट्याच्या क्षेत्रफळाने भागलं तर चौरस मीटरमागे सुमारे ७४ टोळ असा आकडा येतो. ठिपक्यांच्या गणिताने सांगितलेला उंबरठा खऱ्या किड्यांत मोजून मिळाला, याचा त्या वेळी केवढा आनंद झाला असेल! टोळनियंत्रण करणाऱ्यांनाही त्यात अर्थ दिसला. मधल्या दाटीचा पुंजका कधी कुठे वळेल हे सांगता येत नाही. दाट पुंजक्याचं सांगता येतं.

पुढे जे निघालं ते इतकं सोज्वळ नाही. टोळ शेजाऱ्याबरोबर का चालतो, याचं एक उत्तर असं की तो चालला नाही तर मागचा त्याला चावतो. भुकेल्या, प्रथिनांना वखवखलेल्या गर्दीत सगळ्यात जवळचं अन्न म्हणजे पुढच्याचं ढुंगण. २००८ मध्ये काही टोळांच्या पोटाकडची नस कापून त्यांना मागून होणारा स्पर्श जाणवणार नाही असं केलं. ते कमी चालले आणि जास्त खाल्ले गेले. ज्याला आपण शिस्तबद्ध संचलन म्हणतो, ते मागच्याच्या तोंडातून सुटण्यासाठी पुढच्याच्या तोंडामागे धावणं असू शकतं. बंगळूरचेच विश्वेश गुत्तल यांनी कझिन आणि सिम्प्सन यांच्यासह २०१२ मध्ये गणिताने दाखवलं की उत्क्रांतीत टोळाला दोन रूपं मिळण्यामागेही हीच आपापसातली खाखा पुरेशी ठरू शकते. विरार लोकलच्या दारातल्या माणसाला हे समीकरण वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये.

सगळेच थवे असे एकमेकांना खात चालत नाहीत, हेही ओमानातच दिसतं. मसिराह बेटासमोर बर्र-अल-हिकमानचा सपाट किनारा आहे. भरती ओसरली की मैलोगणती चिखल उघडा पडतो आणि हिवाळ्यात तिथे पाच लाखांहून अधिक किनारी पक्षी उतरतात. गॉडविट असतात, खेकडे फोडणारे क्रॅब प्लोव्हर असतात आणि डनलिन नावाचा मुठीएवढा पक्षी असंख्य असतो. बहिरी ससाणा वर दिसला की डनलिनांचा थवा उठतो. पाठी वळतात तेव्हा करडा, पोटं वळतात तेव्हा पांढरा, अशी एक लाट त्यातून सळसळत जाते. वेन पॉट्स यांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावर नेमक्या याच जातीचं चित्रण करून १९८४ मध्ये ही लाट मोजली. एका पक्ष्याकडून शेजाऱ्याकडे ती सुमारे १५ मिलिसेकंदांत जाते. दचकलेल्या डनलिनला प्रतिसाद द्यायला मात्र ३८ मिलिसेकंद लागतात. म्हणजे तो शेजाऱ्याकडे बघून वळत नाही, लांबून येणारी लाट बघून आधीच तयारीत असतो. कवायतीच्या रांगेत पाय उचलणाऱ्या मुलींसारखा. सेलूस यांच्या गूढाचा एक धागा असा सुटला.

दुसरा रोममध्ये सुटला. तिथल्या रेल्वे स्थानकासमोरच्या संग्रहालयाच्या गच्चीवरून संध्याकाळी घिरट्या घालणाऱ्या स्टार्लिंगचे एकाच क्षणी अनेक कोनांतून फोटो घेतले गेले. आंद्रेआ काव्हाग्ना, इरेने जार्दिना आणि २०२१ चे नोबेल मानकरी जॉर्जो पारिसी यांच्या गटाने त्यातून हजारो पक्ष्यांची हवेतली जागा काढली. विचेकचा ठिपका ठरावीक अंतरातल्या सगळ्यांकडे बघतो. स्टार्लिंग बघतो ती जवळच्या सहा-सात जणांकडे, मग ते एका हातावर असोत की चार हातांवर. थवा विरळ झाला तरी तुटत नाही तो यामुळे. सोलापूर-नगरकडच्या ज्वारीच्या शिवारांवर हिवाळ्यात हेच बघायला मिळतं, फक्त पक्षी त्याची चुलत बहीण असते : भोरडी. शेतकरी तिला गोफण घेऊन हाकलतो, पण तिच्या उन्हाळी मुलखात, मध्य आशियात, ती टोळांवर पोट भरते.

कझिन यांच्या २००५ च्या एका प्रारूपाचा उल्लेख इथे केला पाहिजे, कारण चोपदाराचा प्रश्न त्याने अर्धा परत आणला. कळपातल्या मोजक्या प्राण्यांना वाट ठाऊक असेल आणि बाकीचे फक्त शेजार सांभाळत असतील, तरी सगळा कळप योग्य जागी पोचतो. जाणकार कोण हे कोणालाच कळत नाही, त्यांनाही नाही. आणि कळप जितका मोठा, तितकं जाणकारांचं कमी प्रमाण पुरतं.

एवढं सगळं जुळून आल्यावर २०२५ मध्ये त्याच घरातून सुरुंग लागला. जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ इथे सेर्चान सायिन, इयान कझिन आणि आइनात कझिन-फुक्स यांच्या गटाने टोळाला आभासी जगात उतरवलं. भोवती प्रकाशाने रेखाटलेले खोटे टोळ चालत होते, खरा एकटाच. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंनी दोन जथे एकाच दिशेने निघाले. शेजाऱ्यांची सरासरी काढणारा ठिपका इथे त्यांच्याबरोबर सरळ चालू लागला असता. टोळ तसं करत नाही. तो वळतो आणि दोनपैकी एका जथ्याच्या अंगावर चालून जातो. दिशा जुळवणं त्याच्या वागण्यात दिसलंच नाही. तो दिसणाऱ्या हलत्या आकृत्यांमधून एक लक्ष्य निवडतो, तिकडे निघतो, पुन्हा निवडतो. आणि नुसत्या दाटीपेक्षा समोरचं दृश्य किती एकसंध हलतं आहे याला जास्त महत्त्व असतं. शिस्तीत चाललेला जथा हे अशा लाखो पाठलागांचं एकत्र दिसणारं रूप. विचेक-ठिपका टोळासारखा दिसत होता, टोळ ठिपक्यासारखा वागत नव्हता.

यावरून जुनं गणित फुकट गेलं असं म्हणणं घाईचं होईल. तीस टोळांचं रिंगण आजही तसंच फिरतं, फक्त ते का फिरतं याचं स्पष्टीकरण बदललं. चांगल्या प्रारूपाची ओळखच ही, की ते नेमकं कुठे चुकलं हे दाखवता येतं. सेलूस यांचं विचारसंक्रमण चूक आहे हे कोणत्याही परातीत सिद्ध करता आलं नसतं. पुढील पानांत समीकरणं भेटतील तेव्हा वाचकाने त्यांच्याकडे याच नजरेने बघावं. ती वाचायला कठीण नाहीत. दिशा म्हणजे एक कोन, शेजार म्हणजे एक बेरीज, चूक म्हणजे फासा टाकून काढलेला एक आकडा. बारावीच्या गणितापलीकडचं त्यात थोडंच आहे, आणि जे आहे ते सोडून पुढे गेलं तरी धागा तुटत नाही.

दरम्यान वाळवंटी टोळांच्या मुलखात पाऊस झाला की सर्वेक्षणाची गाडी निघते, हिरवळ दिसेल तिथे थांबते आणि माणूस खाली उतरून पायी चालतो. हातातल्या टॅबलेटवर ‘ई-लोकस्ट’चा तक्ता असतो. जागा उपग्रहावरून आपोआप भरली जाते. माती ओली की कोरडी, गवत हिरवं की वाळलेलं, हे त्याने बघून भरायचं. मग टोळ : सुटे, विखुरलेले की पुंजक्याने, आणि किती दाट. पायांपुढून उडणारे किडे मोजत तो चालत राहतो. रिकाम्या हिश्शाच्या कडेला त्या रकान्यात बहुतेक वेळा ‘सुटे’ असंच लिहिलं जातं.